ख्रिस्ती धर्मातलं 'आतिथ्य' म्हणजे नेमकं काय? टिळकांच्या घरात ते कसं दिसलं?

'फुलराणी' आणि 'औदुंबर' लिहिणारे बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, काही काळ अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहत होते. टिळक ख्रिस्ती, बालकवी हिंदू. लक्ष्मीबाई टिळकांनी या लहरी कवीवर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले.

ख्रिस्ती परंपरेत घराचं दार उघडं ठेवणं हा श्रद्धेचाच भाग मानला जातो. बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेतला. त्यात आतिथ्यासाठी 'फिलोक्सेनिया' हा शब्द येतो. त्याचा अर्थ परक्यावर प्रेम करणं. म्हणजे मामा-मावशीला जेवायला बोलावलं, एवढ्यावर भागत नाही! मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २५व्या अध्यायात तर परक्याला घरात घेणं म्हणजे प्रत्यक्ष येशूलाच घरात घेणं, अशी शिकवण आहे. सुरुवातीच्या काळात चर्चच्या वेगळ्या इमारती नव्हत्या. अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्यासारख्यांच्या घरीच मंडळी जमायची.

महाराष्ट्रात मात्र खरी अडचण दारापाशी नव्हती, ती चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी होती. कोणाच्या हातचं खायचं, कोणाला पाण्याला शिवू द्यायचं, हे जात ठरवायची.

१८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई अशाच कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सुरुवातीला सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणीही वेगळं. हळूहळू त्यांनी जातपात सोडली आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग मुकाट्याने उचललेलं हे पाऊल नव्हतं. त्यांनी स्वतःशी बराच झगडा केला होता.

नंतर घरात माणसांची वर्दळ वाढली. दुष्काळात पोरकी झालेली मुलंही या घरात वाढली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि समोरच्याला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. मग घरात आहे त्यात सगळ्यांचं भागवायचं कोणी? अर्थात लक्ष्मीबाईंनी. पाहुणचाराचं कौतुक बहुतेकदा यजमानाच्या वाट्याला येतं. 'स्मृतिचित्रे' वाचताना त्यामागची ओढाताण दिसते, आणि लक्ष्मीबाई ती रडगाणं न करता, हसत-हसवत सांगतात.

पण ख्रिस्ती माणसाने दार उघडलं की एक संशय यायचाच: हे धर्मांतरासाठी तर नाही?

पंडिता रमाबाईंना हा प्रश्न फार जवळून भेडसावला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केलं, पुढे ते पुण्याला नेलं. तिथे मुलींना आपापले जातीचे नियम पाळायची मुभा होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार मात्र बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून एवढं वादळ उठलं की १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेलं. पालकांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण काही मुलींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्या काळात या विधवांना दुसरं दार किती ठिकाणी उघडं होतं, हेही विचारायला हवं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. दौंडजवळ केडगावला उभं राहिलेलं 'मुक्ती' उघडपणे ख्रिस्ती होतं. ती संस्था आजही सुरू आहे.

टिळकांनी वेगळी वाट धरली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूला मानणाऱ्या कोणालाही त्यात येता येत होतं. बाप्तिस्मा घेतलेला असण्याची अट नव्हती. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळकांचं निधन झालं.