मातीतले विकर आणि निष्प्रभ झालेले औषध

१/ मृगाच्या पहिल्या सरीनंतर परभणीच्या काळ्या मातीतून उठणारा सुगंध मुख्यत्वे जिओस्मिन या द्रव्याचा. ते निर्माण करणाऱ्या मृदाजीवाणूंच्या कुळानेच माणसाला अनेक प्रतिजैविके दिली. त्यांना निष्प्रभ करण्याची विद्याही त्याच कुळात होती. हा थ्रेड त्या विद्येचा इतिहास सांगतो.

२/ १९४९ साली फिलिपिन्समधील इलोइलो येथून डॉ. अबेलार्दो अग्विलार यांनी मातीचा नमुना अमेरिकेतील एली लिली कंपनीकडे धाडला. त्यातील जीवाणूपासून लाभलेले एरिथ्रोमायसिन १९५२ मध्ये बाजारात आले. पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना मोठाच आधार झाला. परंतु काही वर्षांतच स्टॅफिलोकोकस जंतू त्याला दाद देईनासे झाले.

३/ जीवाणूची प्रथिने रायबोसोमवर घडतात आणि रायबोसोमचा गाभा आरएनएचा असतो. घडणारे प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडते, तिथेच एरिथ्रोमायसिन ठाण मांडते. मग जंतूंनी ते हुसकावले कसे?

४/ १९७१ मध्ये लाय आणि वाइसब्लम यांनी दाखवले, की औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या रायबोसोमी आरएनएत एका ॲडेनिनवर दोन मेथिल गट चढलेले असतात. हे काम ‘अर्म’ विकरांचे. एस-ॲडेनोसिलमेथिओनीन या रेणूकडून मेथिल गट घेऊन ती २०५८ क्रमांकाच्या ॲडेनिनवर बसवतात. अक्षर तेच राहते, त्यावर जणू मात्रा चढते. औषधाला टेकायला जागा उरत नाही.

५/ एरिथ्रोमायसिन बनवणारा मृदाजीवाणूही स्वतःच्या विषापासून असाच बचावतो. म्हणजे ढाल आपल्या कारखान्यांहून जुनी! सामान्य जीवाणूंतही ‘केएसजीए’ हे अशाच घडणीचे विकर रायबोसोमच्या जडणघडणीत राबते. मुंबईच्या आयआयटीत रुची आनंद यांच्या प्रयोगशाळेने या दोन विकरांची तुलना करून प्रतिकारशक्ती देणारे भाग शोधले (२०१९).

६/ हा इतिहास संपलेला नाही. ॲझिथ्रोमायसिन एरिथ्रोमायसिनच्याच कुळातले. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर ते निरुपयोगी. मात्र अकारण घेतलेल्या प्रत्येक गोळीगणिक शरीरातील साधे जीवाणू मरतात आणि अर्म बाळगणारे तगतात. पुढे जिंतूर वा गंगाखेडच्या एखाद्या रुग्णाला त्याच औषधाची खरी गरज भासेल, तेव्हा ते चालेल की नाही, हे आज आपण औषधाच्या दुकानात काय मागतो यावरही ठरते.