दारूचा दुष्काळ

आपल्या मराठीत 'दारू' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक पिण्याची, दुसरी बंदुकीची. या दोहोंचे नाते काय, असे कोणी विचारले तर आपण हसून तो प्रश्न सोडून देऊ. परंतु पहिल्या महायुद्धात अशी एक वेळ आली की, पिण्याची दारू गाळणाऱ्या भट्ट्या हाताशी होत्या म्हणून इंग्लंडला बंदुकीची दारू पुरी पडली. टंचाईच्या दिवसांत काडतुसात कोणती दारू भरावी, हा प्रश्न त्या देशाने कसा सोडविला, ते आज आपण पाहू.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू शतकानुशतके चालली. तिचा धूर फार, आणि नळीत काजळीही फार. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएय याने निर्धूम दारू सिद्ध केली. पाठोपाठ १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर या शास्त्रज्ञांनी इंग्रज सैन्यासाठी 'कॉर्डाइट' तयार केले. गनकॉटन आणि नायट्रोग्लिसरीन अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून मळायचे, शेवया पाडतो तसे छिद्रांतून दाबून त्याचे दोर काढायचे, आणि ते वाळवायचे. वाळताना अ‍ॅसिटोन उडून जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तयार दारूत जे जवळजवळ उरतच नाही, त्याच्यावाचून ती दारू होत मात्र नाही.

आणि तुटवडा पडला तो नेमका त्याचाच. अ‍ॅसिटोन तेव्हा लाकडापासून मिळे. एका टनासाठी ऐंशी ते शंभर टन लाकूड जाळावे लागे. इंग्लंडमध्ये इतकी वने कोठून असणार? बहुतेक माल अमेरिकेतून येई. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले, फौजा खंदकांत बसल्या आणि तोफांची भूक कोणाच्याही अंदाजापलीकडे वाढली. मे १९१५ मध्ये तोफगोळ्यांच्या टंचाईचा बोभाटा वृत्तपत्रांतून झाला, मंत्रिमंडळ हादरले, आणि लॉइड जॉर्ज यांच्या हाती युद्धसामग्रीचे नवे खाते आले.

आता मार्ग तीन होते. पहिला, अ‍ॅसिटोन दुसऱ्या कशापासून काढणे. मँचेस्टरच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांना असा एक जंतू सापडला होता की, तो पिठुळ पदार्थ आंबवून त्यांचे अ‍ॅसिटोन आणि ब्यूटाइल अल्कोहोल करी. आंबविण्याची पिपे कोठे होती? दारूच्या कारखान्यांत! लंडनमधील जिनच्या एका कारखान्यात प्रयोग यशस्वी झाला आणि मक्यापासून अ‍ॅसिटोन निघू लागले.

दुसरा मार्ग, दारूच बदलणे. गनकॉटनऐवजी कमी नायट्रोजनाचे नायट्रोसेल्युलोज घेतले तर अ‍ॅसिटोन लागत नाही, ईथर आणि अल्कोहोल यांवर काम भागते. या नव्या कॉर्डाइटला 'आर. डी. बी.' म्हणत. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना येथे त्यासाठी नऊ मैल लांबीचा कारखाना उभा राहिला. तेथील कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हातांनी तो स्फोटक लगदा कालविण्याचे काम त्यांनीच केले. सैन्याने ही दारू स्वीकारली. आरमाराने मात्र नाकारली. जहाजाच्या कोठारात दारू दीर्घकाळ साठवावी लागते. तेथे ही टिकेल याचा त्यांना भरवसा नव्हता. एकाच देशाच्या दोन दलांनी एकाच टंचाईत दोन निराळे निर्णय घेतले, आणि आपापल्या जागी दोघांचाही विचार सयुक्तिक होता.

तिसरा मार्ग, परक्याची दारू विकत घेणे. अमेरिकेत नायट्रोग्लिसरीन नसलेली नायट्रोसेल्युलोजची दारू होती. ती कमी तापे, नळीची झीज कमी करी. पण जुन्या मापाने ती भरून चालणार नव्हते. .३०३ च्या काडतुसात कॉर्डाइट सुमारे ३७ ग्रेन भरत. ही दारू सुमारे ४१ ग्रेन लागे, तेव्हा कोठे गोळीला तोच वेग मिळे. म्हणून अशा काडतुसांना 'झेड' हे वेगळे अक्षर देण्यात आले. दारू बदलली की माप बदलते. हे जो विसरेल त्याचा नेम तरी चुकेल, नाही तर नळी तरी फुटेल.

या निवडीची किंमत केवळ खंदकात मोजली गेली नाही. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला. मका माणसांनी खावा की तोफांनी, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा शाळकरी मुलांना रानातील हॉर्स चेस्टनटची फळे वेचावयास लावले. ती माणसाच्या खाण्याची नव्हेत. कशासाठी वेचतो आहोत, हे मुलांना सांगितले नव्हते. किंग्ज लिन येथील कारखान्यात सुमारे ३,००० टन फळे पोहोचली, पुष्कळशी रेल्वे स्थानकांवर कुजून गेली, आणि अ‍ॅसिटोन हाती आले ते बेताचेच.

हे सारे आपल्यापासून दूर घडले असे मात्र समजू नये. खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ पासूनचा. निलगिरीत अरुवंकाडू येथे कॉर्डाइट होत असे. आणि त्या महायुद्धातच नाशिक येथे अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारला गेला. साहेबाच्या तोफेची भूक आमच्या गोदाकाठापर्यंत येऊन पोहोचली होती.

युद्धाचे इतिहास सेनापतींच्या नावांनी लिहिले जातात. पण सेनापतीच्या हुकमाला धार येते ती काडतुसात काय भरले आहे त्यावर. आणि ते काय भरावयाचे, हे ठरवितात मळणारे हात, मोजणारा तराजू, शेतातला दाणा, आणि दारूत न उरता उडून जाणारा एक द्रव. राष्ट्राचे बळ मोजताना आम्ही कोठारातील माल तेवढा मोजतो. जे कोठारात दिसत नाही, पण ज्याच्यावाचून कोठार भरत नाही, तेही मोजावयास आपण शिकले पाहिजे.