प्राणवायूचें ऋण : एका शास्त्रीय संज्ञेचा इतिहास

धांवत येऊन सुटती गाडी पकडणारा गृहस्थ डब्यांत बसल्यानंतरही बराच वेळ धापा टाकीत असतो. धांवणें संपलें, पाय स्वस्थ झाले, तरी छाती भात्याप्रमाणें हलतच असते. श्रम चालू असतांना श्वास वाढावा हें समजण्यासारखें आहे. पण श्रम संपल्यावरही तो वाढलेला कां राहावा? प्रश्न इतका साधा आहे कीं, तो विचारण्याचेंही सहसा कोणास सुचत नाहीं. तथापि व्यायामविषयक शरीरशास्त्राच्या कित्येक मूलभूत कल्पना याच प्रश्नाच्या विचारांतून स्पष्ट होत गेल्या आहेत. त्यांपैकीं 'प्राणवायूचें ऋण' या एका संज्ञेचा इतिहास आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. त्या संज्ञेबरोबर जो एक गैरसमज आमच्या मैदानांवर व व्यायामशाळांत रुजला, तो अद्यापि पुरता गेलेला नाहीं.

श्रमानें प्राणवायूचा खर्च वाढतो, हें मोजून दाखविण्याचा मान फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याचा आहे. १७८९ च्या सुमारास त्यानें आपला सहकारी सेगँ यालाच प्रयोगाचा विषय केलें. आजच्या मापानें सांगावयाचें तर, स्वस्थ बसलेल्या सेगँस तासाला सुमारें २४ लिटर प्राणवायु लागे. उपाशीपोटीं वजन उचलण्याचे श्रम करतांना तोच आंकडा ६३ लिटरांवर गेला, आणि जेवणानंतर तेच श्रम केले तेव्हां ९१ लिटरांपर्यंत पोंचला. हें ज्वलन फुप्फुसांत होतें असें लाव्हाझिएस वाटे. तें शरीराच्या पेशींत होतें ही गोष्ट पुढें एकोणिसाव्या शतकांत ठरली. परंतु मोजमापाचा पाया पक्का होता, आणि त्यावरून त्याच्या मनांत एक खेदाचा विचारही आला. अंगमेहनत करणाऱ्या गरिबाच्या शरीराचा खर्च सर्वांत मोठा, आणि अन्न मात्र त्याच्याच वांट्यास सर्वांत कमी, ही विसंगति त्यानें स्पष्ट नमूद केली आहे. १७९४ सालीं क्रांतिकारकांनीं त्याचा शिरच्छेद केला, आणि हें कार्य अर्ध्यावर राहिलें.

कथेचें दुसरें सूत्र नासलेल्या दुधांतून निघतें. १७८० सालीं शेले या स्वीडिश रसायनज्ञानें आंबलेल्या दुधांतून एक आम्ल वेगळें केलें. त्यावरून त्यास दुग्धाम्ल हें नांव पडलें. पुढें बर्झेलियस यास तेंच आम्ल स्नायूंतही आढळलें. तें श्रमानें किती वाढतें हें मात्र शंभर वर्षें नीट ठरेना. कारण तपासणीसाठीं स्नायु कापतां-कुटतांच त्यांत नवें आम्ल तयार होई. १९०७ सालीं केंब्रिज येथें फ्लेचर व हॉपकिन्स यांनीं बेडकाचे स्नायु बर्फासारख्या थंड मद्यार्कांत एकदम बुडवून ही अडचण दूर केली. थकलेल्या स्नायूंत आम्ल सांचतें, आणि प्राणवायु मिळाला कीं तें नाहींसें होतें, असें त्यांनीं सिद्ध केलें.

हीं दोन सूत्रें जोडण्याचें काम आर्किबाल्ड हिल यानें केलें. हिल मूळचा गणिती. मँचेस्टर येथें लप्टन या सहकाऱ्याबरोबर प्रयोग करतांना तो स्वतःच पाठीवर वायु सांठविण्याची पिशवी बांधून गवतावर आंखलेल्या वाटेवरून फेऱ्या मारी. सोडलेला श्वास त्या पिशवींत जमा करून मागाहून त्याचें पृथक्करण होई. त्यावरून तीन गोष्टी दिसून आल्या. संथ धांवण्यांत थोड्या वेळानें प्राणवायूची मिळकत व खर्च यांची तोंडमिळवणी होते. ही 'स्थिर अवस्था'. वेग वाढवीत गेल्यास प्राणवायूचें ग्रहणही वाढतें, पण एका मर्यादेपलीकडे तें वाढेनासें होतें. हिलच्या बाबतींत ही मर्यादा मिनिटास सुमारें ४ लिटर होती. आणि त्याहूनही अधिक जोर केल्यास जी तूट येते, ती श्रम संपल्यावर धापा टाकून भरून काढावी लागते. हें 'प्राणवायूचें ऋण'. मिळकत पुरेनाशी झाली म्हणजे गृहस्थ उसनवारी करतो आणि पुढें फेडीत बसतो, तसेंच हें. तूट असतांना स्नायु दुग्धाम्ल उत्पन्न करून काम भागवितात, आणि ऋण फेडणें म्हणजे त्या आम्लाची विल्हेवाट लावणें, असें हिलचें म्हणणें होतें. १९२२ चें नोबेल पारितोषिक हिल व जर्मन शास्त्रज्ञ मायरहॉफ यांस विभागून मिळालें, आणि या उपपत्तीचा दबदबा सर्वत्र बसला.

उपमा सुबोध असली कीं ती लौकर प्रमाण मानली जाते. आमच्याकडे तर देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या कल्पना घरोघर परिचित. त्यामुळें शरीराच्या ऋणाची कल्पना मनांत सहज शिरते. ऋण म्हटलें कीं चूक आली, चूक म्हटली कीं अपराधी हवा. तो अपराधी दुग्धाम्ल ठरला. थकवा त्याचा, दम त्याचा, दुसऱ्या दिवशींची अंगदुखीही त्याचीच, असें मानलें जाऊं लागलें.

परंतु ही उपपत्ति फार दिवस टिकली नाहीं. १९२७ सालीं अमेरिकेंत हार्व्हर्ड येथें फिस्क व त्यांचे सहकारी, आंध्रांतील भीमावरम् येथें जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव, यांनीं स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन या पदार्थाचा शोध प्रसिद्ध केला. १९३० सालीं कोपनहेगनच्या लुंड्सगार्ड यानें एका विषानें दुग्धाम्लाची उत्पत्ति पूर्णपणें थांबविली, तरी स्नायु कांहीं काळ आकुंचन पावतच राहिले. त्यांची शक्ति या फॉस्फोक्रिएटिनच्या विघटनांतून येत होती. म्हणजे आम्लाशिवायही काम चालत होतें! येथें हिलचें मोठेपण दिसून येतें. १९३२ सालीं त्यानें लिहिलेल्या लेखाचें नांवच स्नायुशास्त्रांतील क्रांति अशा अर्थाचें होतें. आणि ज्या क्रांतीनें त्याची स्वतःची उपपत्ति ढांसळली, तिचें त्यानें मोकळ्या मनानें स्वागत केलें. पारितोषिकानें मान्य झालेलें मत दहा वर्षांच्या आंत स्वतः खालीं ठेवणारे विद्वान् विरळाच.

१९३३ सालीं हार्व्हर्डच्या श्रमविषयक प्रयोगशाळेंतील मार्गारिया, एडवर्ड्‌स व डिल यांनीं या ऋणाची फोड केली. त्याचा पहिला भाग मिनिटांतच फिटतो आणि त्याचा दुग्धाम्लाशीं संबंध नसतो. दुसरा हळूहळू फिटतो, आणि तेवढाच आम्लाकडे जातो, असें त्यांनीं दाखविलें. पुढें तोही संबंध सैल ठरला. श्रमानंतर तापलेलें शरीर, जलद चालणारें हृदय, रक्तांत उसळलेलीं संप्रेरकें, सर्वच प्राणवायूचा खर्च वाढवीत असतात. म्हणून १९८४ सालीं गेसर व ब्रुक्स यांनीं 'ऋण' हा शब्द टाकून 'व्यायामोत्तर अतिरिक्त प्राणवायु-ग्रहण' असें निरुपमेय नांव पुढें केलें. ज्यास आम्ही कचरा समजत होतों तें दुग्धाम्ल शरीरांत लॅक्टेटच्या रूपानें वावरतें व इंधन म्हणून उपयोगी पडतें. प्रत्यक्ष हृदयही तें जाळतें, हेंही आतां निश्चित झालें आहे.

आतां हा सारा शब्दांचा वाद आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. सुटीनंतर मुलगा पहिल्याच दिवशीं शेंदीडशें बैठका काढतो आणि दुसऱ्या दिवशीं त्यास जिना उतरवत नाहीं. 'अंगांत आम्ल सांचलें आहे, आणखी बैठका काढ, म्हणजे निघून जाईल,' असें त्यास आजही सांगण्यांत येतें. वस्तुतः तें लॅक्टेट स्वस्थ बसूनही तासाभरांत पूर्वपदावर आलेलें असतें. अशी दुखणी स्नायूंतील सूक्ष्म तंतु तुटल्यामुळें येत असावीत, हें अनुमान हफ या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०२ सालींच, म्हणजे हिलच्याही वीस वर्षें अगोदर, मांडलें होतें, आणि आजचें मत त्याच्याच बाजूचें आहे. त्या मुलास हवा असतो तो स्नायूंची डागडुजी होण्यास वेळ, आणि पुढच्या खेपेस थोड्या बैठकांपासून सुरुवात. अतितीव्र श्रमांत स्नायु आम्लधर्मी होतात हें खरें. पण तेवढ्यावरून दुसऱ्या दिवशींच्या दुखण्याचा दोष आम्लावर लादणें न्यायाचें नाहीं.

हिलची उपपत्ति गेली, तरी त्याचीं मोजमापें राहिलीं. प्राणवायु-ग्रहणाची कमाल मर्यादा हें माप आजही धांवपटूंच्या व हृद्रोग्यांच्याही परीक्षेंत वापरलें जातें. मराठींत शास्त्रीय परिभाषा घडविणारांनीं या इतिहासावरून एवढें घ्यावें कीं, उपमेवरून बनविलेला शब्द समजण्यास सोपा जातो, पण त्याची अधूनमधून झडती घ्यावी लागते. गाडींत धापा टाकणाऱ्या त्या गृहस्थानें कोणाचें कांहीं लुबाडलेलें नसतें. त्याचें शरीर तापलेलें आहे, वापरलेला सांठा तें पुन्हां भरीत आहे, आणि थोड्या वेळानें तें आपोआप निवणार आहे.