घाटाचा राजा

सायकल शर्यत पाहावी ती घाटात. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगाने आलेला घोळका डोळ्यांपुढून काही क्षणांत निघून जातो. मागे राहतो तो साखळ्यांचा आवाज. चढावर मात्र वेग मोडतो, घोळका फुटतो आणि प्रेक्षकाला एकेका स्वाराचा चेहरा दिसू लागतो.

मुंबई–पुणे शर्यतीने यातूनच एक किताब घडवला. बोरघाटाच्या चढाईत जो सर्वांत पुढे, तो ‘घाटाचा राजा’. अंतिम विजेता पुण्यात ठरतो. पण घाटमाथ्यानंतरच्या सपाटीवर मागचा घोळका राजालाही गाठू शकतो. त्याचा पराक्रम निकालात हरवू नये, म्हणून हा वेगळा मान मला अधिक न्याय्य वाटतो.

फ्रान्समध्येही हे उशिराच सुचले. ‘तूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये एका वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली. १९१० मध्ये ती पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली. तरी चढाईची अधिकृत वर्गवारी १९३३ मध्ये आली, आणि ठिपक्यांचा अंगरखा तर १९७५ मध्ये!

बिरवाडीकरांना चढ म्हणजे काय हे सांगायला नको. वरंध घाटाची भोरकडे जाणारी वाट त्यांच्याच गावावरून जाते. घाट ओलांडला की पुणे जिल्हा, जिथे जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’साठी परदेशी व्यावसायिक संघ उतरले. अशा शर्यतीला रस्त्याकडेला तिकीट लागत नाही. खालचे वळणही दिसेल असा कठडा तेवढा गाठावा. तोच स्वार दोनदा दिसतो.