सातबारा संगणकात उतरला त्याची कुळकथा

कर्जत तालुक्यात दहिवली दोन आहेत: दहिवली तर्फे नीड आणि दहिवली तर्फे वरेडी. तर्फ हा जुन्या महसुली कारभारातला विभाग. तो कारभार गेला, पण गावाच्या नावातली खूण राहिली आणि माणसाला ती पुरली. संगणकाला मात्र ‘तर्फे’, ‘तर्फ’ आणि ‘त.’ ही तीन वेगळी गावं वाटतात. म्हणून आजच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी त्याचा सांकेतांकही छापलेला असतो.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. जमीन कोणाच्या कब्जात आहे आणि तिच्यावर कोणाचा बोजा आहे, हे गावोगाव लिहून ठेवायची सुरुवात त्यातून झाली. पुढे गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही एका कागदावर आले, तोच सातबारा. केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आणली, आणि प्रत्येक रकान्यात नेमकी कोणत्या प्रकारची माहिती भरायची, हे ठरवणं भाग पडलं.

गट क्रमांक दिसतो आकडा, पण ‘४५/२/अ’ची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, तो मजकूर म्हणूनच साठवावा लागतो. क्षेत्राचं याच्या उलट. ‘०.४०.५०’ म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. दोन टिंबांचा आकडा यंत्राला कळत नाही, म्हणून हिशेबासाठी तो ०.४०५० हेक्टर होतो. यातलं एक शून्य गाळून ०.४५० भरलं, तर कागदावर साडेचार आर जास्तीचे उगवतात आणि भावाभावांत तंटा उभा राहतो. जिरायत, बागायत, तरी, वरकस हे शब्द टंकायचे नसतात, ठरलेल्या यादीतून निवडायचे असतात. फेरफाराला क्रमांक आणि तारीख लागते. नाव कमी झालं की तलाठी त्याला कंस करत. तो मजकूर नव्हता, नोंद आता चालू नाही अशी खूण होती. नव्या सातबाऱ्यात अशा नावावर आडवी रेघ येते. खातेदाराचं नाव मात्र मोकळा मजकूरच राहिला. ‘लक्ष्मण’ आणि ‘लक्षुमण’ एकच माणूस, हे खाते क्रमांकावरून जुळवावं लागतं.

भरलेलं बरोबर आहे की नाही, हे यंत्र सांगू शकत नव्हतं. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं: संगणकातल्या नोंदी लोकांपुढे मोठ्याने वाचल्या गेल्या आणि चुका टिपल्या गेल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद करण्याचं काम शेतकऱ्याच्या हाती आलं. बांधावर उभं राहून पीक निवडायचं आणि फोटो काढायचा. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइल स्वतः टिपतो. अक्षर, आकडा, तारीख, चित्र आणि ठिकाण हे सगळे प्रकार भाताच्या एका खाचरासाठी एकत्र आले.

एवढ्या वर्षांत साधनं बदलली, पण नोंद तपासणारी नजर माणसाचीच लागते. आपला उतारा काढा, गट, क्षेत्र, नाव आणि पीक एकेक करून वाचा, आणि चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज आजच द्या.