गोठलेले रक्त आणि ॲटाब्रिन

१९४२ साली जावा बेट जपानच्या हाती गेले. तिथल्या सिंकोनाच्या मळ्यांबरोबर दोस्त राष्ट्रांचे क्विनाइनही गेले. हिवतापावर उरले ॲटाब्रिन. पण मात्रा किती? न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयात जेम्स शॅनन आणि बर्नार्ड ब्रॉडी यांनी रक्तातले औषधच मोजायला घेतले. अडचण अशी, की हे औषध पांढऱ्या पेशींत प्रचंड साठते. रक्त गोठू देऊन सीरम काढावे, तर पेशींतले औषध त्यात झिरपून आकडा फुगण्याची भीती. आणि फुगलेल्या आकड्यावर विसंबले, तर सैनिकाला औषध कमी पडणार! म्हणून रक्त गोठू न देता, पेशी कसोशीने निराळ्या करून प्लाझ्मा घेतला. ऊतीच औषध शोषून घेतात, हे त्यातून उमगले. मग पहिल्या दिवशी भरपूर मात्रा, पुढे रोज थोडी, असे ठरले.