ब्लू नदीकाठचं कॉलेज

मॅनहॅटन म्हटलं की लोकांना न्यूयॉर्कच्या उंच इमारती आठवतात. मी शिकलो ते मॅनहॅटन कान्सास राज्यातलं. चहूकडं गवताचा माळ आणि टेकाडावर पांढुरक्या चुनखडी दगडात बांधलेलं कॉलेज. त्या टेकड्यांच्या पोटात चकमकीचा दगड इतका, की नांगराचा फाळ टिकत नाही. म्हणून तिथलं गवत वाचलं. शेती सगळी नदीच्या खोऱ्यात. गावापाशी ब्लू नदी कान्सास नदीला मिळते. सरकारी शिष्यवृत्तीवर 1955 ते 57 अशी दोन वर्षं मी तिथं काढली. तेव्हा ते कान्सास स्टेट कॉलेज होतं. 'युनिव्हर्सिटी' हे नाव 1959 साली मिळालं.

हे कॉलेज जमिनीतून उभं राहिलं, तेही अक्षरशः. 1862 साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननं मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या खासदारामागं 30,000 एकर सरकारी जमीन द्यायची, ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज काढायचं. पुढच्याच वर्षी कान्सासनं हे कॉलेज काढलं. आता ती जमीन 'सरकारी' कशी झाली, हे मात्र वर्गात कुणी सांगत नसे. राज्याला ज्यांचं नाव मिळालं त्या कान्सा, म्हणजे कॉ लोकांचं मोठं गाव पूर्वी ब्लू नदीच्या तोंडाशीच होतं. त्यांना मागं रेटत रेटत 1873 साली राज्याबाहेर, दक्षिणेला, नेऊन सोडलं.

पोरं बहुतेक शेतकऱ्यांची. पहाटे चारला उठून कॉलेजच्या गोठ्यात धारा काढायच्या, शेणघाण काढायची, आंघोळ करून आठच्या तासाला बसायचं. आपल्याकडं चार बुकं शिकलेला पोरगा शेणाला हात लावीना. पण मी साताऱ्यात कर्मवीर अण्णांच्या संस्थेत 'कमवा आणि शिका' करून वर आलेलो, मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कोरियाच्या लढाईवरून परतलेल्या बाप्यांचं. बायकोपोरांसकट चाकांवरच्या घरात राहायचे आणि आमच्या शेजारी बसून मातीचे थर पाठ करायचे. शनिवारी फुटबॉल, मग अॅगीव्हिल नावाच्या पेठेत दंगा. जेवणाचे मात्र हाल. मुलूख सगळा बैलांच्या मटणाचा; मी दूध, अंडी, उकडलेला बटाटा आणि घरून आणलेली लसणाची चटणी यांवर दिवस काढले.

माझा खोलीसोबती ब्लू खोऱ्यातला. त्याच्या आजोबांच्या वडिलांनी तिथं पहिला नांगर धरला होता, आणि आता ते सगळं शिवार टटल क्रीकच्या धरणाखाली जायचं होतं. 1951 च्या जुलैत मोठा पूर आला, मॅनहॅटनची बाजारपेठ, टोपीका, कान्सास सिटी पाण्यात गेली. खालच्या शहरांनी धरणासाठी धोशा लावला. खोऱ्यातले शेतकरी म्हणत, पाणी पडतं तिथंच अडवा, रानोरान बांध घाला, छोटी तळी करा. पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन पक्षाला मत देणाऱ्या त्या लोकांनी 1952 साली धरणाविरुद्ध उभा राहिलेला डेमोक्रॅट उमेदवार दिल्लीला, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनला, पाठवला. काम काही काळ थांबलं. 1954 साली तो पडला, पुन्हा पैसे मंजूर झाले.

खानावळीत या विषयावर ताटं वाजत. ज्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं तो मॅनहॅटनचा पोरगा म्हणायचा, "तुमचं शेत वाचावं म्हणून आम्ही बुडायचं?" सोबती म्हणायचा, "आणि तुमचं दुकान वाचावं म्हणून आम्ही कायमचं?" दोघांचं खरं होतं, हीच अडचण होती. त्यात ती वर्षं दुष्काळाची. पुरासाठी धरण बांधताहेत आणि आभाळातून थेंब नाही.

नोव्हेंबरच्या सुट्टीत त्यानं मला घरी नेलं. काळीभोर, लोण्यासारखी माती. त्याची आई म्हणाली, "घर उचलून ट्रकवर घालून नेता येतं. थडगीही हलवणारेत. माती तेवढी राहणार." मग तिनं माझ्या गावाचं विचारलं.

माझं गाव कोयनेच्या खोऱ्यात, जावळी तालुक्यात. भात, नाचणी, वरी. त्याच महिन्यात थोरल्या भावाचं पत्र आलं होतं की, मोजणीवाले येऊन शिवारात दगड रोवून गेले, आबा दोन दिवस जेवले नाहीत. मी ते सांगितलं. सोबत्याचा बाप बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तुमचा खासदार काय म्हणतो?" मला उत्तर देता येईना. आमच्याकडं असं कुणी खासदाराला विचारायला गेलंच नव्हतं. मुळशीला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, तो मी त्यांना सांगितला. धरण झालंच, हेही सांगितलं.

टटल क्रीक 1962 साली पुरं झालं, कोयना 1964 साली. सोबत्याच्या घरच्यांनी वर माळावर जमीन घेतली. तिथं गुरं चरतात, मका येत नाही, असं त्यानं कळवलं. आमच्या खोऱ्यातले लोक ठाण्याला, कुलाब्याला, सांगलीला पांगले. आमच्या वाट्याला सोलापूरकडची जमीन आली. आबांनी जन्मात डोंगरउतार सोडून शेत पाहिलं नव्हतं. काळं सपाट रान बघून ते बांधावरच बसले. "एवढा अमेरिकेला जाऊन आलास," म्हणाले, "आता सांग, हितं नाचणी कुठं लावू?"

नाचणी तिथं येण्यासारखी नव्हती. कान्सासमध्ये मी दोन वर्षं ज्वारीवरच काम केलं होतं. शेजारच्या गावातून पाभर मागून आणली आणि हस्तावर आम्ही शाळू पेरला.